गोडी विहीर

माझं माहेर कृष्णाकाठचं, सांगलीच्या खाली, अगदी नदीला लागून. तिथं पाण्याचा विचार कुणी करत नसे. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आई घागरीत तुरटी फिरवायची, सकाळपर्यंत गाळ खाली बसायचा, एवढाच काय तो त्रास. त्यामुळं आटपाडीच्या पलीकडं, म्हसवडच्या वाटेवरच्या एका गावातून मला मागणी आली, तेव्हा आईनं जमीनजुमला विचारला नाही, माणसं कशी आहेत तेही विचारलं नाही. पाण्याचं कसं आहे, एवढंच विचारलं. मध्यस्थ हसला.

"पान्याचं काय विचारता आक्का? त्येंच्या परड्यातच गोडी विहीर हाय. आख्ख्या माणदेशात तसलं पानी न्हाई."

त्या एका वाक्यावर माझं लग्न ठरलं असं म्हटलं तरी चालेल. आम्ही जैन, शेतीवाले. सासरचेही जैनच. मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, कोरडवाहू जमीन होती आणि गावात धान्याचं दुकान होतं. दुसरं दुकान आटपाडीला, ते आमचे मालक बघायचे. आठवड्यातले बरेचसे दिवस ते तिकडंच राहायचे. घरात मामाजी, सासूबाई, एक लग्नाची नणंद आणि मामाजींची म्हातारी विधवा चुलती. सासूबाईंना आमच्याकडं आत्ती म्हणायची रीत. चुलतीला सगळे थोरल्या आई म्हणत.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून धूर खात आम्ही आटपाडीला उतरलो आणि तिथून पुढं बैलगाडीनं. वाटेत हिरवं असं काही दिसलं नाही. बाभळी, दगड, मेंढरांचे कळप. उंबरा ओलांडल्यावर आत्तींनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. वर धरून घटाघटा प्याले. खरंच गोड होतं. गार, स्वच्छ, तांब्याचा तळ दिसावा असं. नदीच्या पाण्यालाही ती चव नव्हती.

विहिरीची हकिकत आत्तींनी मला पहिल्याच महिन्यात सांगितली. त्या गावातलं सगळं पाणी मचूळ. डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. लढाईच्या थोडं आधी एका दुष्काळात मामाजींनी घरामागच्या परड्यात विहीर खणायला घेतली. वडार मंडळी लावली. मुरूम संपला, काळा पाषाण लागला, मग सुरुंग लावावे लागले. गावातल्या सगळ्या विहिरींपेक्षा खोल गेले तरी पाणी नाही. लोक हसायला लागले. मग खाली एके ठिकाणी काळ्या दगडात एक पांढरट पट्टा लागला. नवीन कल्हई केलेल्या भांड्यासारखा चमकणारा. त्यावर पहार पडली की ठिणगी उडायची आणि लसणीचा वास सुटायचा.

आमच्या घरात कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नसे. आत्ती वरून ओरडल्या, की माझ्या परड्यात लसूण खायचा नाही. मुकादमानं खालूनच हात जोडले. "आईसाब, कुनीबी खाल्ला न्हाई. दगडालाच वास येतोय." ते कुणाला पटलं नाही. दोन दिवसांनी त्या पट्ट्याच्या खालून झरा फुटला आणि सगळे ते विसरून गेले. पहिली घागर बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, अभिषेकाला नेली. मामाजींनी सगळ्या गावाला सांगितलं, की या पाण्याला कुणाला बंदी नाही. उन्हाळ्यात आमच्या परड्यात सकाळपासून बायकांची रांग लागायची. मामाजी परड्याकडच्या सोप्यावर बसून ती रांग बघत. त्यांच्या तोंडावर जे समाधान दिसे, ते मी नंतर कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही.

पाण्याची निगा आमच्या घरात किती होती ते सांगायला पाहिजे. दुहेरी जाड फडक्यातून पाणी गाळायचं. मग ते फडकं उलटं धरून, वरून थोडं पाणी सोडून, त्यात अडकलेले बारीक जीव परत विहिरीत सोडायचे. त्यानंतर पाणी उकळायचं आणि झाकून ठेवायचं. ही कामं माझ्याकडं आली. माझं गाळणं बघून आत्ती खूश असायच्या. एकट्या थोरल्या आई ते पाणी घेत नसत. नवरा वारला तेव्हा त्यांनी मुनिमहाराजांसमोर नियम घेतला होता, की जन्मभर बस्तीच्या विहिरीचंच पाणी प्यायचं आणि स्वतःच्या हातानं शेंदायचं. ते पाणी मचूळ होतं. गोडी विहीर झाल्यावर मामाजींनी त्यांना पुष्कळ समजावलं. त्या म्हणाल्या, नियम गोड लागावा म्हणून घेत नाहीत.

मला येऊन एक पावसाळा झाला होता. आत्ती एकदा भाकरी थापता थापता थांबल्या आणि तळहात चुलीच्या उजेडाकडं धरून बघायला लागल्या. हाताला काहीतरी रुततंय म्हणाल्या. मी चाचपून पाहिलं. कातडीच्या आत मोहरीएवढे कडक दाणे होते, वर आलेले नव्हते, पण बोटाला कळत होते. आम्ही दोघींनी ठरवलं, की जातं ओढून घट्टे पडले असतील. त्यांनी खोबरेल चोळलं. दाणे गेले नाहीत. पायाच्या तळव्यालाही आले.

त्यानंतर नणंदेची पाठ दिसली. मी तिला न्हाऊ घालत होते. नुकताच पावसाचा सडाका येऊन गेल्यावर धुळीत जसे थेंबांचे ठसे उमटतात, तशी तिची पाठ झाली होती. काही ठिपके काळसर, काही पांढुरके. दुखत नव्हते, खाजत नव्हते. तिला स्वतःला पाठ दिसत नव्हती म्हणून तिला काहीच माहीत नव्हतं. मी पाणी ओतत राहिले. त्या दिवशी कुणाला बोलले नाही. पण आत्तींनी आपल्या छातीवर तसेच ठिपके पाहिले होते आणि त्याही गप्प होत्या. एका घरात आम्ही दोघी तेच बघून एकमेकींपासून लपवत होतो.

मामाजींच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. आधी मुंग्या, मग जळजळ, मग काहीच कळेना. एकदा ते शेतातून आले तर एका पायात वहाण नव्हती. ती कुठं निसटली ते त्यांना समजलं नव्हतं. टाचेत काटा मोडलेला, रक्त येत होतं आणि ते दारात उभे राहून माझ्याकडं पाणी मागत होते. मी रक्ताकडं बोट दाखवलं तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. भीती वाटलेला कर्ता माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

गावात ही गोष्ट लपणं शक्यच नव्हतं. रांगेतल्या बायकांनी आत्तींचे हात पाहिले. रांग लहान होत गेली. एक घागर कमी, मग दुसरी, मग एके सकाळी रहाटावर मी एकटीच. लोक मैलभर लांबच्या ओढ्यात झरे उकरून पाणी आणायला लागले, पण आमच्या परड्यात येईनात. दुकानात येणारी माणसं उंबऱ्याबाहेरूनच माल मागायची. बस्तीत आम्ही गेलो की बायका पदर सावरून बाजूला व्हायच्या. महारोग हा शब्द आमच्यासमोर कुणी उच्चारला नाही. "मोठा रोग" म्हणत, तोही पाठीमागं.

नणंदेला वाळव्याकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा पलटणीत होता, सुट्टीवर आलेला. तोवर नणंदेच्या हातांवरही ठिपके आणि दाणे आले होते. तिनं आडव्या पदरानं येऊन पानसुपारीचं तबक पुढं केलं. मुलाच्या आईनं तबकाकडं न बघता तबक धरलेल्या हातांकडं पाहिलं, आणि पान न उचलता म्हणाली, की आम्हाला अजून एक ठिकाण बघायचंय. ते लोक गेल्यावर माझी नणंद हात पदराखाली घेऊन बसली. पुढं कितीतरी दिवस ती जेवायला बसली तरच हात बाहेर काढायची.

शेवटी मालकांनी हट्ट धरला आणि मामाजी, आत्ती आणि नणंद यांना मिरजेला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. मी घर सांभाळायला राहिले. तिथं जे झालं ते मला नंतर कळलं. डॉक्टरांनी तिघांचे डोळे बांधून अंगावर पिसानं, टाचणीनं तपासलं. ठिपक्यांवर सगळं कळत होतं, महारोगाच्या ठिपक्यावर काही कळत नाही. कानाच्या पाळ्या पाहिल्या, कोपरापाशी शिरा चाचपल्या. मग म्हणाले, हा महारोग नाही. आत्ती तिथंच रडायला लागल्या. पण डॉक्टर हसले नाहीत. ते परत परत तिघांचे तळहात बघत होते. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या वैद्याचं सोमलाचं औषध घेता तुम्ही?"

मामाजी म्हणाले, आम्ही औषध घेतलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, ताकदीसाठी, तापासाठी पुष्कळ लोक घेतात, लाजू नका. बरीच वर्षं सोमल पोटात गेला की हातापायांना असे दाणे येतात, अंगावर असे ठिपके पडतात, पाय बधिर होतात. मामाजींनी बस्तीची शपथ घेतली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुम्ही घेत नसाल तर तुमच्या पोटात तो दुसऱ्या कुठून तरी जातोय. घरी जाऊन शोधा."

ते घरी आले तेव्हा मी दारात पाण्याची घागर घेऊन उभी होते. पाय धुवायला पाणी द्यावं म्हणून पुढं झाले. आत्तींनी घागर माझ्या हातातून काढून घेतली, पण माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं दमल्या असतील.

सोमल म्हणजे काय हे खेड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. उंदरांना घालतात, सावत्र पोरांना घालतात, जमिनीपायी भावाभावांत घालतात, अशा गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो होतो. आता आमच्या घरात कोणीतरी सोमल घालत होतं. तिघांना बाधा झाली होती. मालक बरे होते, थोरल्या आई बऱ्या होत्या आणि मी बरी होते. मालक आटपाडीला असायचे. थोरल्या आई आपला स्वयंपाक आपण करायच्या. पाणी भरणारी, गाळणारी, उकळणारी, वाढणारी मी होते. हिशेब कुणालाही जमला असता.

पाचव्या दिवशी मी चूल पेटवायला गेले तर आत्ती आधीच तिथं बसल्या होत्या.

"तू आता सैपाकघरात यिऊ नगंस," त्या म्हणाल्या.

"माझं काय चुकलं आत्ती?"

"मला काय बी म्हनायचं न्हाई. पर तुला का न्हाई झालं, एवढं सांग मला."

मी हात पुढं केले, माझे मऊ, स्वच्छ हात, आणि तीच माझ्याविरुद्धची साक्ष होती. मालक आठवड्याच्या बाजाराला आले. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, आईचा जीव घाबरलाय, थोडे दिवस सांभाळून घे. त्यांनी माझ्यावर संशय घेतला नाही. पण माझ्याकडचं पाणीही त्यांनी त्या दिवशी मागितलं नाही. आपलं आपण ओतून घेतलं.

मी परड्यातली आणि गोठ्यातली कामं करू लागले. जेवण मला ताटात वाढून बाहेर मिळायचं. माहेरी निरोप धाडला असता तर वडील गाडी घेऊन आले असते. पण सोमल घालणारी सून म्हणून परत गेले असते तर माझ्या धाकट्या बहिणींची लग्नं कुणी केली असती? मी राहिले. थोरल्या आई तेवढ्या माझ्याशी बोलायच्या. बस्तीच्या विहिरीवर जाताना मला सोबत घेऊन जायच्या, म्हणायच्या, एवढ्या वाटेला मला आधार लागतो. त्यांना आधार लागत नव्हता.

आता पाणी आत्ती स्वतः शेंदत होत्या. मी शिवत नव्हते, तरी रोग थांबला नाही. आत्तींच्या तळहातावरचे दाणे एकमेकांना जुळून जाड पट्टा झाला आणि हिवाळ्यात त्याला भेगा पडल्या. नणंदेला खोकला लागला. मामाजींच्या पायाची बोटं आधी निळसर आणि मग काळी दिसायला लागली. आत्ती स्वतः सैपाक करून वाढत होत्या, स्वतः पाणी गाळत होत्या आणि माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर खचत होती. आता संशय कुणाचा घ्यायचा, हे त्यांना कळेना. पण मला परत आत बोलवायची त्यांची हिंमत होईना.

आणि मग एके दिवशी वैरण कापताना माझ्या उजव्या तळहाताला विळ्याच्या मुठीखाली काहीतरी टोचलं. मी मूठ उघडली. करंगळीच्या खाली एक दाणा होता. मोहरीएवढा, कडक.

कुणाला खरं वाटणार नाही, पण मला आनंद झाला. मी वैरण तिथंच टाकली आणि धावत सैपाकघराच्या दारात गेले. उंबऱ्यावर बसून हात पुढं केला. आत्तींनी पाहिलं. माझा हात आपल्या हातात घेतला, आपला भेगाळलेला अंगठा त्या दाण्यावरून फिरवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मीही रडले. आनंद तोवर ओसरला होता. माझ्याही अंगात काय चाललंय ते मला समजलं होतं.

त्या दुपारी आम्ही दोघी किती दिवसांनी शेजारी बसलो होतो. आत्ती म्हणाल्या, आता घरात निरोगी कोण राहिलं? थोरल्या आई. आणि थोडेफार मालक.

"थोरल्या आई तुमच्या हातचं खात नाहीत," मी म्हणाले. "पण धान्य तर तेच खातात. आपल्याच कणगीतलं. मीठ तेच, तेल तेच, गूळ तोच."

"मग?"

"आत्ती, त्या आपल्या विहिरीचं पाणी पीत नाहीत."

आत्तींनी मान वळवून परड्याकडं पाहिलं. विहिरीच्या काठावर चिमण्या बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "खणताना लसणीचा वास येत हुता." मला त्याचा अर्थ लागला नाही. त्यांनाही लागला नसावा. पण त्यांनी त्या दिवशी चुलीवरचं उकळतं पाणी उतरवलं आणि गोठ्यात ओतून दिलं.

मालकांनी बाटलीभर पाणी आणि विहिरीपाशी पडलेल्या ढिगातला तो चमकणारा दगड मिरजेला नेला. परत आले ते थेट सोप्यावर मामाजींसमोर बसले. पाण्यात सोमल होता. तो कुणी टाकलेला नव्हता. दगडातच होता, जमिनीच्या पोटात, कुठल्या काळापासून कोण जाणे. तो दगड तापवला किंवा ठोकला की लसणीसारखा वास येतो, असं डॉक्टर म्हणाले. पाणी जितकं खोल त्या दगडातून झिरपत आलं, तितका तो पाण्यात उतरला. गाळून तो निघत नाही, कारण तो पाण्यात मिठासारखा विरघळलेला असतो. उकळून उलट वाढतो, कारण पाणी आटतं आणि तो मागं राहतो. मी ते पाणी सगळ्यांत उशिरा प्यायला लागले, म्हणून मला बाधाही उशिरा झाली. औषध विशेष काही नाही. ते पाणी बंद करायचं, हेच औषध.

मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ज्या पान्यानं दुष्काळात गाव जगवलं, त्याला मी इख म्हनू?"

मालक म्हणाले, "आण्णा, डॉक्टरांनी माझ्यासमोर तपासलं."

"त्या डॉक्टरानं आधी औषध म्हणलं. मग घरातलंच कोनतरी म्हणलं. माझ्या सुनंवर आळ घ्यायला लावला त्येनं. आता इहीर म्हनतोय." ते उठले, काठी टेकत परड्यात गेले, पोहरा सोडला आणि आमच्यादेखत ओंजळीनं पाणी प्याले. कुणीच पुढं झालं नाही. मला वाटतं, त्यांना खरं काय ते कळलं होतं. पण आपण आपल्या घराला आणि रांगेतल्या सगळ्या बायकापोरांना काय पाजलं, हे मान्य करून जगायचं कसं, ते त्यांना कळत नव्हतं.

आमच्यापुढं आता पाण्याचाच प्रश्न उभा राहिला. महारोगी समजलेल्या घराला बस्तीच्या विहिरीवर कोण येऊ देणार? पहिले काही आठवडे थोरल्या आईंनी सगळ्या घराचं पाणी शेंदलं. त्या वयात, वाकलेल्या कमरेनं. मालक उपाध्यांकडं आणि गावच्या पंचांकडं गेले, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. काहींना पटलं. काही म्हणाले, रोग झाकायला विहिरीवर ढकलतायत. अखेर सकाळी सगळ्यांचं झाल्यावर आम्ही पाणी भरावं असं ठरलं. ते मचूळ पाणी घशाखाली उतरेना. नणंद पहिल्यांदा ओकली. पण काही महिन्यांत तिचा खोकला कमी झाला, जेवण जाऊ लागलं. ठिपके राहिले. ते कधीच गेले नाहीत. माझे दोन-तीन दाणे तेवढ्यावर थांबले.

मामाजी गोड्या विहिरीचंच पाणी प्यायचे. आत्ती त्यांच्या उशाशी बस्तीचं पाणी ठेवायच्या, ते तसंच राहायचं. काठी टेकत ते स्वतः जायचे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांचा पाय घोट्यापर्यंत काळा पडला आणि त्यांना उठता येईना. मिरजेला पाय कापावा लागेल म्हणाले. मामाजी नाही म्हणाले. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी पाणी मागितलं. आत्तींनी बस्तीच्या पाण्याचा चमचा तोंडाला लावला. त्यांनी ते जिभेवर घेतलं आणि मान फिरवली.

"ह्ये न्हवं," ते म्हणाले.

आत्ती माझ्याकडं बघायला लागल्या. मालक खाली बघत होते. आत्ती उठल्या, परड्यात गेल्या, पोहरा सोडला. पाणी आणलं ते नेहमीसारखं दुहेरी फडक्यातून गाळलं, फडकं उलटं धरून जीव परत सोडून आल्या आणि मग चमच्यानं त्यांच्या तोंडात घातलं. ते शांतपणे प्याले.

त्यांच्यामागं आम्ही विहिरीवर फळ्या टाकल्या, वर दगड ठेवले. दुकान हळूहळू चालू लागलं. नणंदेचं लग्न झालं नाही. मालक तिला थोरल्या आईंच्या ओळखीनं बाहुबलीच्या तीर्थावर साध्वींकडं पोचवून आले. तिनं स्वतःच तसं सांगितलं होतं. तिथं कुणी हात बघत नाही, म्हणाली. आत्तींच्या तळहातावरची एक भेग भरेना. तिथं जखम झाली, कोबीच्या गड्ड्यासारखी वर आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की पाणी सोडल्यावरही काही वर्षांनी असं होऊ शकतं. त्या हातानं त्यांना शेवटी जेवताही येईना. मी भरवायची. भरवताना कधीकधी त्या थांबून माझ्याकडं बघायच्या. सैपाकघराबाहेर काढल्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

स्वातंत्र्य मिळालं, आणि त्यानंतर लवकरच एक वर्ष पाऊस आलाच नाही. ओढ्यातले झरे आटले. बस्तीच्या विहिरीत चिखल राहिला. लोक माणगंगेच्या पात्रात वाळू उपसत बसायचे. एका दुपारी पाटील आणि गावातली काही माणसं आमच्या सोप्यावर आली. कितीतरी वर्षांनी आत येऊन बसली.

"फळ्या काढा," पाटील म्हणाले. "तिला पानी हाय, सगळ्यास्नी ठावं हाय."

मालकांनी परत सगळं सांगितलं. दगड, सोमल, मामाजींचा पाय. आत्तींना बाहेर बोलावून त्यांचा हात दाखवला. पाटलांनी नजर वळवली. पण मागून एकजण म्हणाला, "आवं, आमी त्ये पानी प्यालोय की. आमाला काय झालं?"

मालक म्हणाले, तुम्ही वेळेत सोडलं. आम्हाला वाळीत टाकलं म्हणून तुम्ही वाचला. हे ऐकून कुणाला बरं वाटलं नाही. पाटील म्हणाले, "आमी रोगाला भीत हुतो गड्या, पान्याला न्हाई. पोरं तडफडत्यात. दहा वरसांनी मरायचं का आज, एवढंच हाय." गुरांसाठी फळी काढू, माणसांसाठी नाही, एवढं मालक म्हणाले, आणि लगेच त्यांच्याच लक्षात आलं, की एकदा काढलेल्या फळीतून कोण किती नेतो ते कोण बघणार. त्यांनी तेही मागं घेतलं. माणसं उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परड्यात गेले तर दगड बाजूला सारलेले होते. एक फळी तिरकी झाली होती. विहिरीभोवतीची धूळ ओली होती आणि ओल्या धुळीत पायांचे ठसे होते, बायकांचे आणि लहान मुलांचे. सांडलेल्या पाण्याची रेघ कुंपणातून बाहेर जाऊन निरनिराळ्या गल्ल्यांकडं फुटली होती. आम्ही दगड परत ठेवले. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा बाजूला होते.

शेवटी मालकांनी काठ फोडायला घेतला. मजुरीवर कुणी यायला तयार नव्हतं, म्हणून ते स्वतःच पहार चालवत होते आणि मी पाटीनं दगडमाती आत लोटत होते. कुंपणापलीकडं गाव जमलं. कुणी शिव्या दिल्या नाहीत, कुणी अडवलं नाही. नुसते उभे होते. दगड पाण्यात पडल्याचा आवाज बराच खोलातून यायचा. रिकाम्या घागरी घेतलेल्या बायका होत्या त्यात. एक म्हातारी, मी लग्न होऊन आले तेव्हा रांगेत रोज पहिली असायची ती, पदर तोंडाला लावून रडत होती.

विहीर भरायला आम्हाला उन्हाळाभर लागला. मधल्या दिवसांत कुठल्या घरांनी ते पाणी नेलं, किती दिवस प्याले, ते कुणी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्हाला कुणाच्या दारात जाऊन विचारता आलं नाही.